दिगंबर, तुझे तीन अर्ज

दिगंबर,

परवा तुझी तेरवी झाली आणि मी आलो नाही. निघालो होतो, गाडीची किल्ली हातात होती. तेवढ्यात हमालांच्या मुकादमाचा, आपल्या रशीदभाईचा फोन आला. 'साहेब, नका येऊ. तुमचं नाव निघालं का पोरं दात-ओठ खाऊन राहिले.' तुझे दोन्ही पुतणे म्हणत होते म्हणे, उत्तमकाका दारात दिसला तर पाय तोडून हातात देतो. मी किल्ली खुंटीला लावली आणि दिवसभर घरातच बसून राहिलो. पोरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तिथे म्हणे चार लोक तुझ्यावर बोलले. तू मनमिळाऊ होतास, मितभाषी होतास, कुणाला दुखावलं नाहीस, असं म्हणाले. हे कोणाबद्दल बोलत होते, दिगंबर? तू एक नंबरचा भांडखोर माणूस. भाजीबाजारात मापावरून तू काटा उचलून फेकलेला मी पाहिलाय. लग्नाच्या पंगतीत वरण पातळ म्हणून आचाऱ्याच्या अंगावर धावून गेला होतास, आणि लग्न तुझंच होतं. मेल्यावर लोक माणसाला असं धुऊन-पुसून ठेवतात आणि तो ओळखूसुद्धा येत नाही.

तू गेलास तो तुरीतल्या किडीच्या गोळ्यांच्या विषारी वाफेने, हे आता साऱ्या अकोल्याला माहीत आहे. त्यात माझा हात किती, हे कालपर्यंत फक्त मला माहीत होतं. ते तुला सांगायला बसलोय. तू मध्ये बोलणार नाहीस, एवढीच सोय आहे.

तुझ्या हाताची पहिली ओळख मला मोर्शीच्या वसतिगृहात झाली. आपण आठवीत. तुझा बाप भाजी पिकवणारा, माझा बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करणारा. नळावर मी बादली लावली होती, ती दहावीतल्या एका दांडग्या पोराने लाथ मारून उडवली. 'तुह्यी बादली आमच्या नळाले नाई लागत,' म्हणाला. मी बादली उचलायला वाकलो. तू मागे उभा होतास, तुझी माझी धड ओळखही नव्हती. तू तुझी भरलेली लोखंडी बादली दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या तोंडावर घातलीस. दोन दात नळाखाली पडले. रेक्टरने आपल्या दोघांनाही छड्यांनी सोलून काढलं. रात्रभर पालथं झोपावं लागलं आणि तुला काळजी कशाची, तर बादलीला पोचा आला, आता बापाला काय सांगू. त्या दिवसापासून मी तुझा झालो. माझी आई भरीत करायची तेव्हा भाकरी चार जास्त थापायची, कारण तू येणार हे ठरलेलं असायचं. येऊन तू आधी तवा रिकामा करायचास आणि मग विचारायचास, उत्तम जेवला का?

पुढे मी पुरवठा खात्यात लागलो, निरीक्षक झालो. तू भाजीतून धान्यात शिरलास आणि अकोल्याला बाजाराच्या मागे गोदाम घेतलंस. मला नोकरी लागली तेव्हा तू मला मोटारसायकलवर घालून चिखलदऱ्याला नेलंस, तिथली कॉफी एक घोट पिऊन थुंकलास आणि हॉटेलवाल्याला म्हणालास, 'हे कडू पाणी तू पे.' मी पोट धरून हसलो. तसा मी पुन्हा कधी हसलो नाही.

आता भांडणाचं सांगतो. ते अर्धवट राहिलंय.

ठरावीक पोत्यांच्या वर डाळ-तूर ठेवायची तर परवाना लागायचा. तुझ्या परवान्याची मुदत संपून गेली होती. मी दोनदा सांगितलं. 'करतो ना बे,' म्हणालास. तुला वाटत होतं, निरीक्षक आपलाच माणूस आहे, घाई कशाला? मला वाटत होतं, आपलाच माणूस आहे, याने तरी ऐकावं. तपासणी निघाली, वरचे साहेब सोबत आले, यादीत तुझं गोदाम होतं. आदल्या दिवशी तुला एक फोन करता आला असता. मी केला नाही, कारण मला मी फार स्वच्छ माणूस वाटत होतो.

तीनशे चाळीस पोती तूर. पंचनामा झाला. माल जप्त, पण ठेवायला सरकारी गोदामात जागा नाही, म्हणून तुझ्याच ताब्यात दिला. तूर तुझी, गोदाम तुझं, कुलूप माझं. हात लावलास तर गुन्हा. तू सही केलीस. मी कुलपावर कापड गुंडाळलं, लाख वितळवली, शिक्का दाबला. तेव्हा तू रशीदभाईच्या दहा हमालांसमोर म्हणालास, 'तुमी लोकं खुर्चीवर बसले का मंग...'

आणि थांबलास. थांबलास म्हणून काय झालं? ते दोन शब्द बाहेर पडले होते. ज्या तोंडाने माझ्या आईच्या भाकरी खाल्ल्या त्या तोंडातून 'तुमी लोकं' आलं. मी फिरून तुझ्या थोबाडीत मारली. बोटांना गरम लाख होती, ती तुझ्या गालाला चिकटली आणि ओढली तशी कातडी घेऊन निघाली. तू ठोसा मारलास. माझा चष्मा फुटला, नाकातलं रक्त पंचनाम्यावर सांडलं. आपण दोघं पन्नाशी ओलांडलेले, केस पांढरे, आणि तुरीच्या भुशात एकमेकांच्या उरावर बसून गुद्दे घालत होतो. रशीदभाईने मला कमरेला धरून उचललं नसतं तर मी तुझा गळा सोडला नसता. पंचनामा दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहावा लागला. तुझ्या गालावर चार आण्याएवढा डाग राहिला.

त्यानंतर तू पहिला अर्ज घेऊन आलास तेव्हा पावसाळा सरत आला होता. ऑफिसात न जाता माझ्या घरी आलास. आत ये म्हणालो नाही, तूही आला नाहीस. फाटकावरूनच कागद पुढे केलास. 'भुंगे पडले. झरोक्यातून आयकू येते, किरकिर किरकिर. गोळ्या टाकाची परवानगी पाह्यजे.' रीतसर तो आवक टेबलावर द्यायचा, शिक्का मारून पोच घ्यायची. मी म्हणालो, 'माझ्याकडे दे, मी वर पाठवतो.' तू दिलास. आपल्यात एवढी मारामारी होऊनसुद्धा, दिगंबर, तू माझ्याकडे पोच मागितली नाहीस. उत्तम म्हणाला पाठवतो, म्हणजे पाठवणार.

मी तो कपाटात ठेवला. आधी ते दोन शब्द परत घे, मग कागद पुढे सरकवतो, असं मनात. हे तुला तोंडाने बोललो असतो तर तू एक तर घेतले असतेस किंवा आणखी एक ठोसा मारला असतास, पण प्रकरण मिटलं असतं. दुसरा अर्ज आलास घेऊन, तोही कपाटात. तिसरा मोठ्या अक्षरात लिहिला होतास, मी बहिरा असल्यासारखा. 'तूर मरून राहिली,' म्हणालास. मी 'बघतो' म्हणालो. खरं सांगतो, आत भुंगे तुझी तूर पोखरताहेत या विचाराने मला बरं वाटायचं. जेवताना आठवलं की घास गोड लागायचा. मी इतका वाईट असेन असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याही थोबाडीत मारली असती.

मग नियम बदलला. कडधान्याला परवाना लागणार नाही, आणि केवळ परवान्यापायी जप्त केलेला माल मालकाला सोडावा, असा आदेश आला. अट एकच. सील शाबूत पाहिजे, आणि पंचांसमोर पोती मोजून पंचनाम्याशी जुळली पाहिजेत. आत कुणी ढवळाढवळ केल्याचं दिसलं तर सुटका रद्द आणि गुन्हा दाखल. मी तुला फोन केला. 'सोमवारी येतो, मोजून सोडतो.' तू विचारलंस, 'सोमवारीच ना?' आणि मग म्हणालास, 'ये.'

आणि मी त्याच्या आधीच, गुरुवारी दुपारी आलो. सांगतो का. बाजारात कुणीतरी म्हणालं, दिगंबर गोदामाच्या मागे शिडी लावून झरोक्यापाशी काहीतरी करत होता. मला वाटलं, मागून पोती विकतोय. सापडला, असं वाटलं. मी दोन पंच धरले, शेजारच्या गोदामावर काम करणाऱ्या रशीदभाईला माणसांसकट बोलावलं आणि तुझ्या दारात येऊन उभा राहिलो. दाराच्या खालच्या फटीत ओलं बारदान कोंबून वरून माती लिंपलेली होती. मी ती चपलेने उकरायला लागलो.

तू रस्त्यापलीकडून धावत आलास. 'हात नको लावू!'

'काहून?'

'तूच सोमवार सांगतला होता ना. सोमवारी मोज.'

'माल कमी हाय का?'

तू माझी मान पकडून मला दारावर आपटलंस. लोखंडी दार, डोक्यात घण बसल्यासारखा आवाज झाला. रशीदभाई मध्ये पडला, 'अरे, क्या कर रहे तुम दोनों, बुढ्ढे हो गए.' मी सुटलो, खाली पडलेला दगड उचलला आणि लाखेवर घातला. दुसऱ्या घावाला सील फुटलं. कुलूप काढलं, दार ओढलं. रशीदभाईने नेहमीच्या सवयीने उंबरठ्यावर पाय टाकला आणि तू त्या सत्तरीच्या माणसाच्या कमरेत लाथ घातलीस. तो पायऱ्यांवरून खाली गेला, कोपराचं कातडं सोलून निघालं.

'कोनी आत जाणार नाई!' तू ओरडलास. 'जो जाईन त्याचं टकुरं फोडीन!'

मला आनंद झाला, दिगंबर. दोन पंचांसमोर तू सरकारी कामात अडथळा आणला होतास. मी शर्ट नीट करत म्हणालो, 'मोजल्याशिवाय तूर सुटत नाही. हमाल नाही जाणार तर पोती बाहेर येणार कशी?'

आणि तेव्हा तो वास आला. लसूण सडल्यासारखा. तीस वर्षं मी गोदामांत काढली. सरकारी गोदामात गोळ्या टाकल्या की आठवडाभर दार उघडत नाहीत, कवटीचं चित्र टांगतात, उघडल्यावरही दिवसभर वारा जाऊ देतात. तो वास मी झोपेत ओळखीन. मला एका श्वासात सगळं कळलं. शिडी, ओलं बारदान, सोमवार. तू माझ्या परवानगीची वाट पाहून थकलास आणि माझ्या फोनच्या आधीच झरोक्यातून गोळ्या टाकल्यास; 'ये' म्हणालास ते सोमवारपर्यंत वाफ निघून जाईल असा हिशोब करून. रशीदभाईला तू लाथ मारलीस ती त्याचा जीव वाचवायला.

मी 'थांब' म्हणायला पाहिजे होतं. तू माझ्याकडे पाहत होतास. मला कळलंय हे तुला कळलं होतं, तेही मला दिसलं. तू एवढंच म्हणायला पाहिजे होतंस, उत्तम, मी गोळ्या टाकल्या, चुकलं. मी तेवढ्याची वाट पाहत होतो. दीड वर्ष वाट पाहत होतो. आणि तू वाकणारा माणूस नव्हतास.

मी म्हणालो, 'मग तूच काढ. मी मोजतो.'

तू खांद्यावरचा दुपट्टा नाकाला बांधलास आणि आत गेलास. पहिलं पोतं आणून माझ्या पायांवर आदळलंस. मी म्हणालो, 'एक.' तू तेवढ्यातही डाफरलास, 'लाभ म्हण बे! पहिल्याले एक नाई म्हणत.' आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात, मला माहीत होतं. मी म्हणालो, 'लाभ.' मग दोन. मग तीन. साठीला आलेला माणूस पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेऊन येत होता, आदळत होता, वळत होता. प्रत्येक पोत्यासोबत तू मला शिवी देत होतास आणि मी आकडा म्हणत होतो. सातव्याला तुला खोकला लागला. मी मोठ्याने म्हणालो, 'सात.' नवव्याला तुझे ओठ निळे दिसले. रशीदभाई खालून ओरडला, 'बस करो साब!' मी म्हणालो, 'नऊ.' अकराव्याला पोतं पाठीवरून घसरलं आणि फुटलं. तूर पायऱ्यांवरून वाहत खाली गेली, अर्धी भोकं पडलेली. तू पुन्हा आत जायला वळलास आणि चौकटीला धरून ओकलास.

मग मी धावलो. तेव्हा धावून उपयोग काय? शेजारच्या टेम्पोत तुला घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आत मी सांगितलं, 'गोळ्यांची वाफ आहे.' ते म्हणाले, याच्यावर उतारा नाही, आपण प्रयत्न करतो. तू ऑक्सिजनची नळी उपसायला बघत होतास, दोन नर्स तुझे हात धरून होत्या, तू एकीला लाथ मारलीस. थोडा शांत झालास तेव्हा मला म्हणालास, 'रशीदभाईले लागलं का?'

'थोडं खरचटलं.'

'किती झाले?'

'अकरा.'

'तीनशे एकोणतीस रायले,' म्हणालास आणि तोंड भिंतीकडे वळवलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तू गेलास. तुझ्या गालावरचा तो डाग मी पाहत बसलो होतो.

त्यानंतर काय झालं ते ऐक. खात्याने गोदामाला पुन्हा सील ठोकलं. वरचे साहेब मला म्हणाले, 'माल ज्याच्या ताब्यात दिला त्यानेच परवानगी न घेता आत विष टाकलं, सुटका रद्द होईल. तुम्ही बाहेर होतात, तुमच्यावर काही येत नाही. पोलिसांना तसा जबाब द्या.' म्हणजे तू गुन्हेगार, तुझी तूर सरकारची, आणि तुझ्यामागे शोभावहिनीच्या हातात काही नाही. तू परवानगी मागितली होतीस याचा कागद जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या कपाटात. मी दहा दिवस ते कपाट उघडलं नाही. एकदा काडेपेटी घेऊन उभा राहिलो होतो, हेही सांगून टाकतो. निवृत्तीला माझे आठ महिने राहिलेत.

काल सकाळी ते तीन कागद घेऊन तुझ्या घरी गेलो. फाटकातच तुझ्या थोरल्या पुतण्याने माझी कॉलर धरली आणि तोंडावर एक ठेवून दिली. दात हलला. धाकटा काठी शोधत होता. वहिनी बाहेर आल्या, म्हणाल्या, 'सोडा त्याहिले.'

मी अर्ज त्यांच्या हातात दिले. कुठून आले, किती दिवस माझ्याकडे पडून होते, सगळं सांगितलं. गोळ्यांचा वास मला आला होता, हेही सांगितलं. त्या कागद वाचत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

'वास कवा आला तुमाले?'

'दार उघडल्यावर.'

'कितव्या पोत्याले?'

'पहिल्याच्या आधी, वहिनी.'

त्यांनी मला मारलं. उघड्या हाताने, मग दोन्ही हातांनी, छातीवर, तोंडावर. हातातल्या बांगडीने माझा ओठ फाटला. मी हात वर केले नाहीत. थकल्यावर त्या ओट्यावर बसल्या, ते तीन कागद पदराने पुसले, घडी घातली आणि माझ्यापुढे धरले. 'हे मले काहून सांगता? मी काय करू? तिथं सांगा, ठाण्यात.' मी निघालो तेव्हा मागून म्हणाल्या, 'चहा नाई देत तुमाले.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या घरून चहा न पिता निघालो.

तिथून सरळ ठाण्यात गेलो. जमादार भला माणूस. सुजलेलं तोंड पाहून आधी त्याने माझीच तक्रार लिहायला घेतली. मी अर्ज पुढे ठेवले आणि सांगत गेलो, तो लिहीत गेला. तीन अर्ज मिळाले, मी ते दडवले, मयताने नाइलाजाने गोळ्या टाकल्या. मग म्हणालो, दार उघडताच मला वास आला, आत काय आहे ते मला कळलं, तरी मी त्याला पोती काढायला लावली आणि मोजत राहिलो.

त्याने पेन वर उचललं. 'साहेब, अर्जाचं झालं ना. तेवढ्यानं मयतावरचा ठपका जाते, त्याची तूर सुटते. हे पुढचं नाई लिहिलं तर कोनाले समजणार हाय? तुमी काहून फासात मान देता?'

खरं होतं त्याचं. तुझं काम अर्जांनी भागत होतं. नोकरी गेली असती, पण हे वाक्य नसतं तर मी मोकळा सुटलो असतो. वास आला होता हे जाणणारा दुसरा माणूस तू, आणि तू नाहीस.

'लिहा,' म्हणालो.

त्याने लिहिलं. दारात मी एक 'थांब' म्हणालो असतो तर तेवढ्यावर भागलं असतं, दिगंबर. ठाण्यात त्याची अडीच पानं झाली. त्याने ती मला वाचून दाखवली, आणि मी प्रत्येक पानाखाली सही केली.